साइट व्हिजिट

स्वित्झर्लंडमध्ये बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला पाहुण्यांचे प्रकार तोंडपाठ होतात. मे उजाडला की पाहुणे यायला लागतात आणि गणपतीपर्यंत येत राहतात. काही जण देश मोजायला आलेले असतात. त्यांना सकाळी लिख्टेनश्टाइनची सीमा ओलांडून आणलं की दुपारी ते समाधानाने घोरतात. काहींना चॉकलेटं न्यायची असतात, तीही ‘दुकानातली नकोत, फॅक्टरीतली हवीत’ अशी. काहींना हिरव्या कुरणातल्या गाई बघून भरून येतं, आणि यांनीच परवा एसटी स्टँडसमोर बसलेल्या गाईंना हॉर्न मारमारून उठवलेलं असतं. मात्र बर्फाच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत. जून असो की जुलै, बर्फ दाखवलाच पाहिजे. त्यासाठी आम्ही त्यांना एंगेलबर्गला नेऊन टिटलिसवर चढवतो, ते एकमेकांना बर्फाचे गोळे मारतात, आणि आम्ही सुटतो.

या सगळ्यांत न बसणारा एक प्रकार आहे. त्याला बर्फाची अडचण होते. बर्फामुळे खालचं काही दिसत नाही, अशी त्याची तक्रार असते. हा प्रकार म्हणजे निवृत्त इंजिनियर. त्यातही सरकारी, त्यातही वीज मंडळातला. आमच्या घराण्यात तो अप्पाकाकांच्या रूपाने प्रकट झाला आहे.

अप्पाकाका कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. म्हणजे ते खुर्चीतून उठले एवढंच. कार्य आणि अभियंता दोन्ही चालू आहेत. माणसाने उभारलेली कुठलीही गोष्ट समोर आली की अप्पा तिच्या पाठीमागे जातात. नाटकाला गेले तर मध्यंतरात डिमर बोर्ड बघून येतात. देवळात गेले तर हात जोडलेले, मान वर. कळसाला वीजरोधक बसवलाय, पण त्याची पट्टी जमिनीत गेलेली नाही, हे पुजाऱ्याला सांगितल्याशिवाय प्रसाद घेत नाहीत. पुतणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा ते हॉलमागे जनरेटरपाशी होते. परत आल्यावर कुणीतरी विचारलं, ‘‘कसा झाला मुहूर्त?’’ तर म्हणाले, ‘‘न्यूट्रल तापत होतं.’’

काकूंना या सगळ्याची सवय आहे. त्या सांगतात, ‘‘मला बघायला आले तेव्हा हे आधी आमच्या ओटीवरचा मीटर बघत होते. पसंती कुणाला दिली, ते मला अजून कळलेलं नाही.’’

हे दोघं आमच्याकडे आले ते ऐन जुलैत. काकूंची यादी तयार होती: बर्फ, शाहरुख, आणि जमलं तर एखादं तळं. अप्पांची यादी नव्हती. ‘‘जे असेल ते बघू,’’ असं ते म्हणाले. वरिष्ठ अधिकारी न कळवता सबस्टेशनवर येतो तेव्हा असंच म्हणतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ल्यूत्सर्नहून एंगेलबर्गची गाडी सुटली. डावीकडे तळं, उजवीकडे पिलाटूसचा डोंगर. डबाभर माणसं एकदा इकडून आणि एकदा तिकडून फोटो काढत होती. अप्पा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं विमानाचा शीण असेल. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर काळोख झाला, लोकांनी मोबाइलमध्ये डोकी घातली, आणि अप्पा ताडकन उभे राहिले.

‘‘धरला! दातेरी पट्टा धरला. आवाज बदलला, ऐकलास?’’

मी या गाडीतून अनेकदा गेलो आहे. आवाज बदलतो हे मला माहीत नव्हतं. मग मीच त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं. बोगदा चार किलोमीटरचा, २०१० च्या डिसेंबरात सुरू झालेला. चढ हजारात १०५. त्याआधी १८९८ पासून गाडी बाहेरच्या बाहेर चढायची, तिथे चढ हजारात २४६ होता.

‘‘म्हणजे हा साडेनवात एक,’’ अप्पांनी तोंडी हिशेब केला. ‘‘आणि जुना जवळजवळ चारात एक! अरे, आपला बोरघाट सदतिसात एक आहे, तर आपण मागून बँकर इंजिन लावतो.’’ मग शेजारच्या स्विस आजीबाईंकडे वळून त्यांनी हाताच्या तळव्याने चढ करून दाखवला आणि ‘‘व्हेरी स्टीप, व्हेरी गुड’’ असं प्रशस्तिपत्र दिलं. आजीबाईंनी ते स्वीकारलं.

एंगेलबर्ग म्हणजे हजार मीटर उंचीवरचं, चहूबाजूंनी कडे उठलेलं गाव. ११२० सालचा बेनेडिक्टाइन मठ आहे. त्याच्या आवारात चीज करताना बघता येतं. काकूंनी ते बघितलं, चाखलं, आणि ‘‘आपल्या पनीरला एवढे दिवस झाकून ठेवलं असतं तर सासूबाईंनी घराबाहेर काढलं असतं,’’ असं मत दिलं. मठ नऊशे वर्षं उभा आहे म्हणजे पाया चांगला असणार, एवढ्यावर अप्पांनी तो तपासणीतून वगळला.

त्यांची खरी नजर गेली होती समोरच्या उतारावर. हिवाळ्यात इथे सगळं जग स्की करायला येतं. उन्हाळ्यात त्याच उतारावर गवत, गवतावर गाई, आणि गवतातून वर डोकी काढून उभं राहिलेलं ते सगळं, जे हिवाळ्यात बर्फाखाली असतं किंवा बर्फाच्या झगमगाटात कुणाला दिसत नाही. पाण्याचे व्हॉल्व्ह, त्यांच्यावर नंबर टाकलेल्या पाट्या, केबलींच्या पेट्या, कृत्रिम बर्फ उडवणारे उंच बारीक खांब. आम्ही इथली मंडळी उन्हाळ्यात इकडे येतो तेव्हा हे सगळं नजरेनेच पुसून टाकतो. फोटोतही येणार नाही असं बघतो. अप्पांनी उलट केलं. त्यांनी डोंगर पुसून टाकला.

‘‘हे छान केलं तू,’’ ते मला म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात आणलंस ते. हिवाळ्यात काय दिसणार? सगळं झाकलेलं.’’

मी आयुष्यात प्रथमच एखाद्या पाहुण्याला बर्फ नसल्याबद्दल माझे आभार मानताना ऐकत होतो.

टिटलिसला जाणाऱ्या केबल कारच्या स्टेशनात खरा घोळ झाला. तिला टिटलिस एक्सप्रेस म्हणतात, आठ माणसांचे डबे, २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालेली. रांगेत आमचा नंबर आला. दार उघडं ठेवून डबा आमच्यासमोरून हळूहळू सरकू लागला. काकू चढायला निघाल्या तर अप्पांनी त्यांचा दंड धरला. ‘‘थांब. बघू दे.’’ डबा गेला. मागून दुसरा आला. तोही गेला. ‘‘पुढे व्हा, पुढे व्हा,’’ असं शुद्ध मराठीत सांगत अप्पा मागच्या लोकांना वाट करून देत होते. एक जपानी कुटुंब वाकून आभार मानत पुढे गेलं.

‘‘दोर थांबतच नाही,’’ अप्पा मला समजावत होते. ‘‘दोर आपल्या वेगाने चाललाय. डबा आत आला की दोराची पकड सोडतो आणि रुळावर येतो. हे वर टायर फिरतायत ना, ते त्याला हळू करतात. माणसं चढली की पुढचे टायर त्याचा वेग वाढवत नेतात, दोराइतका झाला की पकड आवळली, आणि निघाला. सुटताना धक्का नाही, धरताना धक्का नाही. लोड चालू ठेवून गिऱ्हाईक जोडायचं आणि तोडायचं! आम्हाला शटडाऊन घ्यावा लागायचा रे एवढ्याशा कामाला.’’

प्लॅटफॉर्मवरच्या कर्मचाऱ्याने अखेर अत्यंत नम्रपणे विचारलं की काही अडचण आहे का. अप्पांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

डब्यात आमच्यासोबत गुडघ्यांना ढालीसारखं काहीतरी बांधलेला एक तरुण होता, चिखलाने माखलेल्या सायकलसकट. ट्रुबसे नावाच्या मधल्या स्टेशनावर उतरून पुढे तो बाकड्याच्या लिफ्टने २२०७ मीटरवरच्या योखपासला जाणार होता आणि तिथून सायकलवरून खाली येणार होता. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. ‘‘दिवसभर?’’ काकूंनी विचारलं. ‘‘दिवसभर,’’ तो म्हणाला. काकूंना त्याच्या आईची काळजी वाटली. अप्पांनी त्याच्या डिस्क ब्रेकवर बोट फिरवलं, चटका बसला नाही म्हणजे अजून एकही फेरी झालेली नाही असा निष्कर्ष काढला, आणि तो बरोबर निघाला. त्यानंतर दोघांचं जे मेतकूट जमलं त्यात खिडकीबाहेरचं सगळं खोरं निघून गेलं. मधल्या एका खांबावर चाकांची खडखड झाली तेव्हा दोघांनी एकाच वेळी वर बघितलं.

स्टँड नावाच्या स्टेशनावर, २४२८ मीटरवर, केबल कार बदलायची असते. पुढचा डबा म्हणजे प्रसिद्ध रोटेअर. १९९२ साली सुरू झाला तेव्हा स्वतःभोवती फिरत वर जाणारा तो जगातला पहिला होता. तिथल्या रांगेत आपल्याकडच्या एका पर्यटन कंपनीचा चाळीसेक जणांचा ताफा उभा होता. एकसारख्या टोप्या, पुढे झेंडी घेतलेला टूर मॅनेजर. ‘‘वर गेल्यावर दीड तास. आधी बर्फ, मग पूल, मग शाहरुख, मग जेवण. क्रम बदलू नका!’’ दीड तासात एक हिमनदी उरकायची असते तेव्हा क्रमाला महत्त्व येतंच.

अप्पा काचेला नाक लावून दोराकडे बघत होते. शेजारच्या एका बाईंनी सहज विचारलं, ‘‘किती जाड आहे नाही हो?’’ बस.

‘‘जो जाड दिसतोय तो हलत नाही,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तो नुसता वजन पेलतो. डबा त्याच्यावरून चाकांवर पळतो. ओढणारा दोर वेगळा, तो बघा, बारीक. आणि डबे दोन. हा वर गेला की तो खाली. विहिरीच्या रहाटाला दोन्ही टोकांना पोहरे बांधले तर कसं होईल? भरलेला खेचायला रिकामा मदत करतो. मोटरला फक्त फरक ओढायचा.’’

‘‘आणि लाइट गेली तर?’’ सांगली-मिरजेकडचे वाटणारे एक गृहस्थ पुढे सरसावले.

हा प्रश्न अप्पांना विचारायला नको होता. पाच मिनिटांत टोप्यांचं कडं त्यांच्याभोवती पडलं होतं. स्टँडबाय इंजिन, दोन स्वतंत्र ब्रेक, वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, दोराच्या आत तुटलेली तार बाहेरून चुंबकाने कशी शोधतात, सगळं झालं. एका आजोबांनी वहीत लिहून घेतलं. टूर मॅनेजर झेंडी हलवत ओरडत होता, त्याच्याकडे कुणी बघेना. एका बाईंनी त्याला दटावलं, ‘‘थांबा हो जरा, साहेब सांगतायत.’’

‘‘आपण इथे कुठल्या खात्यात?’’ सांगलीकरांनी आदराने विचारलं.

‘‘वीज मंडळात होतो.’’

‘‘इथल्या?’’

‘‘आपल्या. पोफळीला.’’

मग कोयना धरणाची गोष्ट निघाली. १९९९ च्या लेक टॅपिंगच्या वेळी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात कसं घेतलं, तो प्रसंग अप्पा समुद्रसपाटीपासून २४२८ मीटरवर सांगत असताना एक रोटेअर त्या चाळीस जणांना न घेताच वर गेला.

त्यानंतरचा डबा आम्हाला मिळाला. वर जाता जाता तो एक पूर्ण गिरकी घेतो, म्हणजे कड्यापासून दरीपर्यंत सगळं प्रत्येकाच्या पुढ्यात येतं. काकूंनी हात जोडले. प्रदक्षिणा म्हटल्यावर त्यांचे हात आपोआप जुळतात. ‘‘बघा हो, बघा हो,’’ करत त्या अप्पांना कोपराने ढोसत होत्या. अप्पा छताकडे बघत होते. फिरणारा भाग आणि लटकणारा भाग यांच्यामधलं बेअरिंग त्यांना दिसत नव्हतं, आणि त्याचा त्यांना भारी त्रास होत होता.

वरचं स्टेशन ३०२० मीटरवर. टिटलिसचं शिखर त्याहून वर, ३२३८. एंगेलबर्गचे लोक अठराव्या शतकातच तिथे पायी जाऊन आले आहेत, हे मी सगळ्या पाहुण्यांना सांगतो आणि सगळे पाहुणे ‘हो का’ म्हणून बर्फाकडे धावतात. काकूही धावल्या. आधी शाहरुख आणि काजोलच्या उभ्या चित्राशेजारी. तिथे फोटो काढताना त्यांनी काजोलला पदराने झाकली. तो फोटो आता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. मग बर्फात.

अप्पा दिसेनात. शोधत गेलो तर हे एका बाजूला उकिडवे बसलेले. हिमनदी उन्हाळ्यात वितळू नये म्हणून तिचा काही भाग पांढऱ्या जाड कापडाने झाकतात. ऊन परत फेकलं जातं, खालचा बर्फ टिकतो. अप्पा त्या कापडाच्या दोन पट्ट्यांमधली शिवण चिमटीत धरून बघत होते. टोपीवाल्या ताफ्यातली एक मुलगी धावता धावता थांबली.

‘‘काका, बर्फ तिकडे आहे!’’

‘‘हो. पण कापड इकडे आहे.’’

मी त्यांच्या शेजारी बसलो. इथल्या हिमनद्या आटत चालल्या आहेत हे आम्ही रोज वर्तमानपत्रात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या कापडाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं; हिवाळ्यातला काहीतरी पसारा उरला असेल असं वाटायचं. अप्पांनी शिवण सोडली, हात झटकले.

‘‘ही मालमत्ता बुडीत खात्यात गेलेली आहे,’’ ते म्हणाले. ‘‘कापडाने किती दिवस निघणार? पण देखभाल बंद केली नाही, हे चांगलं. आमच्याकडे मोडीत काढायचं ठरलं की दुसऱ्या दिवसापासून कुणी तेलसुद्धा घालत नसे.’’

यावर मला काही सुचलं नाही. अप्पांना उत्तर नकोच होतं. पलीकडे नव्या इमारतीचं काम चाललं होतं. जुनं स्टेशन आणि मनोरा नव्याने बांधत होते, आराखडा बाझलच्या हेर्झोग आणि द म्यूरॉन यांचा. तिथली क्रेन बघायला ते केव्हाच निघून गेले होते. एवढी क्रेन एवढ्या वर आणली कशी, हे समजेपर्यंत पुढचा कार्यक्रम तहकूब झाला.

कड्यावरचा झुलता पूल मात्र त्यांना फार आवडला. २०१२ साली बांधलेला, शंभर मीटर लांब, जेमतेम मीटरभर रुंद, आणि खाली पाचशे मीटरची दरी. बहुतेक लोक तो समोर बघत, ओठ आवळत पार करतात. अप्पा पुलाच्या सुरुवातीला खडकात गाडलेले बोल्ट बघत थांबले. मध्यावर जाऊन पुन्हा थांबले आणि गुडघ्यात किंचित वाकून, पूल किती हलतो ते बघू लागले. पूल हलला. मागून एक किंकाळी आली. ताफ्यातल्याच एक बाई डोळे गच्च मिटून दोन्ही हातांनी जाळी धरून उभ्या होत्या.

‘‘सुरक्षित आहे ना हो, साहेब?’’

अप्पांनी तारेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. ‘‘गंज नाही.’’

बाईंनी डोळे उघडले आणि चालू लागल्या. धीर देणारी वाक्यं मीही बरीच ऐकली आहेत. परिणाम झालेलं हे एकच.

परतताना ट्रुबसेला उतरलो. हा या सगळ्या परिसरातला माझा आवडता टप्पा. साधारण १८०० मीटरवरचं सपाट खोरं, मधे तळं, तळ्यात वल्ह्याच्या होड्या, भोवती चालायची वाट. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते: अमुक ठिकाण दोन तास दहा मिनिटं. कुणाच्या चालीने, हा अप्पांचा पहिला प्रश्न. चार तळ्यांची प्रसिद्ध वाट इथूनच जाते. काकूंनी आमच्यासोबत आलेल्या माझ्या मुलीला घेऊन होडी सोडली. काकूंचं माहेर मालवणजवळचं. त्या वल्हं मारू लागल्यावर शेजारच्या होडीत गोल गोल फिरणारं एक जर्मन जोडपं वल्ही आत घेऊन नुसतं बघत बसलं.

अप्पा कुरणात शिरले. गाईंसाठी विजेचं कुंपण होतं. त्यांनी गवताचं एक लांब पातं तोडलं, टोकाने तार शिवली, हात हळूहळू पुढे सरकवला आणि ‘‘आहे, करंट आहे’’ म्हणून खूश झाले. कुंपणापलीकडे बर्फ उडवणारा एक खांब होता. हिवाळ्यात हवा आणि पाणी दाबाखाली त्यातून वर फेकतात; हवा पुरेशी थंड आणि कोरडी असली की थेंब खाली पडेपर्यंत गोठतात. आत्ता एक गाय त्याला मान घासत होती.

‘‘आपल्याकडे म्हशी डीपीच्या खांबाला घासतात,’’ अप्पा म्हणाले. ‘‘जनावराला स्टॅटिक लोड कुठे द्यावा हे बरोबर कळतं.’’

योखपासला जाणाऱ्या लिफ्टचा जो माणूस होता, तो या दोन दिवसांतला अप्पांचा सर्वोच्च आनंद ठरला. पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा, हातमोज्यांना ग्रीस. इकडे अशी माणसं पुष्कळ भेटतात: उन्हाळ्यात गुरं आणि गवत, हिवाळ्यात लिफ्ट, किंवा दोन्ही, दोन्हीकडे. त्याचं इंग्रजी वीसेक शब्दांचं. अप्पांचं इंग्रजी विपुल, पण ते कार्यालयीन. ‘किंडली इंटिमेट द ड्यूरेशन ऑफ आउटेज’ असल्या वाक्यांचं. त्यामुळे दोघेही लवकरच आपापल्या भाषेवर आले. अप्पा मराठीत विचारत, तो स्विस जर्मनमध्ये सांगत, आणि बोटं चाकांकडे, गिअरबॉक्सकडे, दोराच्या सांध्याकडे जात. मी दुभाष्या म्हणून पुढे झालो तर दोघांनीही मला हाताने बाजूला केलं.

दोराची दोन टोकं एकमेकांत कशी विणतात ते त्या माणसाने एका सुतळीवर करून दाखवलं. अप्पांनी ग्रीस दोन बोटांत चोळून वास घेतला. शेवटी त्याने आपली नोंदवही उघडली. आत सगळं जर्मन. अप्पांना एक अक्षर कळण्याचं कारण नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, प्रत्येक रकान्यावरून नजर फिरवली.

‘‘रोजची सही आहे. वेळ आहे. खाडाखोड नाही.’’ वही मिटून त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली. ‘‘उत्तम.’’

हा शब्द त्या माणसाला समजला. त्याने टोपीला हात लावला.

दुसऱ्या दिवशी खोऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, उन्हाच्या बाजूला, ब्रुनीवर गेलो. तो दिवस काकूंचा. वर एका छोट्या तळ्याभोवती अनवाणी चालायची वाट केली आहे: खडे, लाकडाचे तुकडे, चिखल. गुदगुल्या होतात म्हणून तिचं नावच गुदगुल्यांची वाट. गोरी मंडळी बूट हातात घेऊन ‘ऊ’, ‘आ’ करत चालली होती. काकू झपाझप पुढे. ‘‘आमच्या लहानपणी याला शाळेत जाणं म्हणायचे,’’ म्हणाल्या.

मग घसरगाडी. एका माणसाची छोटी गाडी, वळणावळणाचा उतार. दांडा पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक. काकूंनी सूचना पूर्ण ऐकली, पदर खोचला, दांडा पुढे ढकलला आणि परत म्हणून मागे ओढला नाही. खाली उतरल्या त्या सरळ पुन्हा रांगेत.

अप्पा आधी गाडीखाली वाकून ब्रेकचे ठोकळे बघत होते. बसले तेव्हा दांडा छातीशी धरून बसले आणि संपूर्ण उतार माणसाच्या चालीने उतरले. मागे गाड्यांची माळ लागली. एक सातआठ वर्षांचा मुलगा टिपेच्या आवाजात काहीतरी ओरडत होता. ते जर्मन मी अप्पांना सांगितलं नाही. मधे एका वळणावर ते पूर्ण थांबून सांधा बघत होते असं नंतर कळलं.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही. ट्रायल रन घेतला.’’

संध्याकाळी घरी अप्पा डायनिंग टेबलावर वही घेऊन बसले. वरती तारीख, स्थळ, उपस्थिती. उपस्थितीत काकूंचं नाव ‘सोबत’ असं होतं. टिपणात टिटलिसच्या देखाव्याबद्दल एक ओळ होती: ‘हवामान स्वच्छ.’ बाकी दोन पानं दोर, पकडी, शिवणी आणि सांधे. खाली सही, आणि सहीखाली कंसात ‘निवृत्त’ हा शब्द, जरा लहान अक्षरात.

वही मिटून त्यांनी विचारलं, ‘‘तो लिफ्टवाला एक शब्द सारखा म्हणत होता. रेविझियोन. ते काय?’’

मी सांगितलं. शरद ऋतूत उन्हाळ्याची गर्दी ओसरली आणि स्कीवाले अजून यायचे असले की मधे काही दिवस केबल कार बंद ठेवतात. सगळं उघडून, तपासून, पुन्हा बसवतात.

‘‘शटडाऊन!’’ अप्पा उठून उभे राहिले. ‘‘सगळं उघडतात? ते रोटेअरचं बेअरिंगसुद्धा?’’

‘‘असेल. पण अप्पा, तेव्हा वर कुणाला जाता येत नाही. धुकं असतं, पाऊस असतो, अर्धी हॉटेलं बंद. कुणीही येत नाही तेव्हा.’’

‘‘म्हणजे गर्दी नाही. नोव्हेंबरची तिकिटं बघ.’’

काकू भांडी पुसत होत्या. फडकं खांद्यावर टाकून त्या बाहेर आल्या. मला वाटलं, आता त्या बोलतील ते उभ्या संसाराच्या वतीने बोलतील.

‘‘ती घसरगाडी चालू असते का रे नोव्हेंबरात?’’

‘‘नसेल बहुतेक, काकू.’’

‘‘मग उत्तम,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तीही आतून बघता येईल.’’